तरुण मन, अनुबंध आणि मृत्यूचे भय

दफनविधीच्या दिवशी एकाच घरातील दोन तरुण भावंडे अगदी निराळ्या रीतींनी वागताना आपण सर्वांनीच पाहिली असतील. एक शवपेटीपाशी बसून राहते, हंबरडा फोडते, येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडते, आणि माती लोटण्याची वेळ आली की तिला दोघांनी धरून मागे ओढावे लागते. दुसरे मात्र पहाटेपासून खुर्च्या मांडणे, आलेल्यांच्या चहाची सोय पाहणे, कबर खोदणाऱ्यांचा हिशेब चुकता करणे, गावाकडच्या नातलगांना उतरून घेणे, या कामांत गढलेले असते. त्याच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही. कोणी सांत्वनाचा शब्द बोलू लागले तर ते म्हणते, "एक दिवस सर्वांनाच जायचे आहे." संध्याकाळी घरी परतताना आपण म्हणतो, पहिलीला आधार द्यायला हवा, दुसरा धीराचा आहे, त्याची काळजी नको.

हा निर्णय बरोबर आहे काय? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी तरुणांच्या अंतःकरणातील दोन गोष्टींचा परस्परसंबंध तपासून पाहिला आहे. एक, माणूस जवळच्या माणसांना ज्या रीतीने धरून असतो ती रीत. आणि दुसरी, स्वतःच्या व इतरांच्या मृत्यूकडे पाहण्याची त्याची वृत्ती. त्यांतून जे निष्कर्ष निघाले ते मंडळीत तरुणांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावेत असे आहेत. ते समजून घेण्याचा प्रयत्न आपण क्रमाने करू.

१. शब्दाविषयी थोडेसे

इंग्रजीत ज्याला 'अटॅचमेंट' म्हणतात त्या संज्ञेसाठी मराठीत पुष्कळदा 'आसक्ती' हा शब्द योजला जातो. आम्हांस तो येथे सोयीचा वाटत नाही. आपल्या भाषेत आसक्ती म्हणजे सोडून द्यावयाची गोष्ट. संतवाङ्मयाने आणि कीर्तनपरंपरेने आपल्या कानांवर हाच अर्थ बिंबवला आहे. ख्रिस्ती घरातील मराठी माणूसही त्याच भाषेत वाढलेला असल्यामुळे त्याला आसक्ती म्हणताच मोह आठवतो. मानसशास्त्रातील अर्थ याहून अगदी वेगळा आहे. तान्हे मूल घाबरले असता ज्या एका व्यक्तीकडे धाव घेते, जिच्या कुशीत ते शांत होते, आणि शांत झाल्यावर जिच्या भरवशावर ते पुन्हा खेळायला दूर जाते, त्या व्यक्तीशी त्याचे जे नाते जडलेले असते त्याला ही संज्ञा आहे. असे नाते तुटावे असे कोणीच म्हणणार नाही. म्हणून या लेखात आम्ही 'अनुबंध' हा शब्द वापरीत आहोत.

२. उपपत्तीचा उगम

अनुबंधाची उपपत्ती मांडणारे जॉन बोल्बी हे इंग्रज मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांचा जन्म १९०७ साली लंडनमध्ये झाला. त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज घरांतील रीतीप्रमाणे त्यांचे बालपण दाईच्या हाती गेले. ज्या दाईवर त्यांचा जीव होता ती ते सुमारे चार वर्षांचे असताना घर सोडून गेली, आणि ते दुःख त्यांना प्रौढपणीही विसरता आले नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून त्यांनी निराधार मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी एक अहवाल लिहिला. तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. अन्न, वस्त्र व निवारा मिळूनही, मायेचे स्थिर माणूस न मिळालेले मूल खुरटते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक लहानसा चित्रपट तयार केला. दोन वर्षांची एक मुलगी किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहते, एवढाच त्याचा विषय. त्या काळी आईबापांना मुलाजवळ थांबू देत नसत. मुलगी फारशी रडत नाही; परिचारिकांच्या दृष्टीने ती शहाणी मुलगी आहे. परंतु कॅमेरा तिचा चेहरा टिपतो, आणि पाहणाऱ्याला कळून चुकते की हे शहाणपण म्हणजे गिळलेले रडणे आहे. या चित्रपटाने इंग्लंडमध्ये मोठा वाद उठला. १९५९ साली सरकारी समितीने आईबापांना भेटीची मोकळीक असावी अशी शिफारस केली, त्यामागे रॉबर्टसन यांच्या या कामाचा वाटा मोठा होता.

बोल्बी यांच्या उपपत्तीला निरीक्षणाचा भक्कम पाया मिळाला तो मेरी एन्स्वर्थ यांच्यामुळे. त्यांनी १९५४–५५ मध्ये युगांडात कंपालाच्या आसपासच्या खेड्यांत माता व बालके यांचे घरोघरी जाऊन निरीक्षण केले, आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात तेच काम पुढे नेले. तेथे त्यांनी सुमारे वीस मिनिटांचा एक प्रयोग बसवला. वर्षभराचे मूल आईसह एका अनोळखी खोलीत येते. तेथे एक परकी स्त्री येते. आई थोडा वेळ बाहेर जाते व परत येते. पुन्हा जाते व पुन्हा येते. एन्स्वर्थ यांचे लक्ष मूल किती रडते याकडे नव्हते. आई परत आल्यावर ते काय करते, याकडे होते.

तीन रीती स्पष्ट दिसल्या. काही मुले आई येताच तिच्याकडे झेपावली, शांत झाली आणि पुन्हा खेळू लागली. हा सुरक्षित अनुबंध. काही आईला बिलगली, पण शांत होईनात. एकाच वेळी घट्ट धरीत आणि रागाने ढकलीत. हा चिंताग्रस्त अनुबंध. आणि काहींनी आईकडे पाहिलेच नाही. ती गेली तेव्हा जसे खेळत होती तशीच ती आल्यावरही खेळत राहिली. हा टाळणारा अनुबंध. पुढे इतर संशोधकांनी चौथी, विस्कळीत रीतही वेगळी ओळखली.

या तिसऱ्या गटातील मुलांविषयी एक शोध फार बोलका आहे. १९७७ साली ॲलन स्रूफ व एव्हरेट वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली. वरून शांत दिसणाऱ्या, खेळण्यात गुंतलेल्या या मुलांचे हृदय जोराने धडधडत होते. ती निर्धास्त नव्हती. आपण रडलो तर कोणी जवळ घेणार नाही, उलट दूर लोटतील, हे त्यांना अनुभवाने कळले होते. म्हणून त्यांनी रडणे आत वळवले होते. हा धडधडणाऱ्या हृदयाचा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

३. तरुणपणातील अनुबंध

अनुबंध हा केवळ बालपणाचा विषय नव्हे, तो मरेपर्यंत माणसाच्या सोबतीला असतो, असे बोल्बी यांचे मत होते. १९८७ साली सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनी अमेरिकेतील डेन्व्हर येथील एका वृत्तपत्रातून वाचकांना प्रश्नावली दिली. तीत तीन लहान परिच्छेद होते, आणि आपल्या जवळच्या नात्यांना लागू पडेल तो परिच्छेद निवडावयाचा होता. उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ५६ जणांनी सुरक्षित, २५ जणांनी टाळणारा व १९ जणांनी चिंताग्रस्त नात्याचे वर्णन निवडले. प्रौढ माणसाच्या प्रेमातही पाळण्यातील रीत ओळखता येते, हे त्यामुळे पुढे आले. पुढील संशोधकांनी माणसांना अशा कप्प्यांत बसवण्याऐवजी दोन मापे पसंत केली. नाते तुटेल ही चिंता किती, आणि जवळीक टाळण्याची ओढ किती. ही दोन्ही कमी असतील तो माणूस सुरक्षित.

तरुण वय या दृष्टीने विशेष नाजूक आहे. अठरा ते तीसच्या दरम्यान माणूस आईवडिलांच्या छायेतून हळूहळू बाहेर पडतो. शिक्षणासाठी वसतिगृहात जातो, नोकरीसाठी परगावी खोली घेतो. संकटात धाव घ्यावयाचे स्थान आईबापांकडून मित्राकडे, मग जीवनसाथीकडे सरकू लागते. पण हे स्थलांतर एका दिवसात होत नाही. जुना किनारा सुटलेला आणि नवा अजून लागलेला नाही, अशी काही वर्षे असतात. नेमक्या याच वर्षांत आजी-आजोबांचे, कधी वडिलांचे वा आईचे, कधी बरोबरीच्या मित्राचे मरण समोर येते. मृत्यूविषयीचे भय वृद्धांपेक्षा तरुणांमध्ये अधिक असते, असे अनेक अभ्यासांत आढळून आले आहे. ज्याचे आयुष्य पुढे पडले आहे त्याने का भ्यावे, असा प्रश्न आपणांस पडतो. पण त्याचे अजून काहीच हाती आलेले नाही, म्हणूनच त्याला हिरावले जाण्याची भीती अधिक.

४. मृत्यूकडे पाहण्याच्या वृत्ती

"तुला मरणाची भीती वाटते काय?" हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९७० साली डोनाल्ड टेम्प्लर यांनी पंधरा विधानांची एक मोजपट्टी तयार केली व तिचा प्रसार फार झाला. परंतु भय एकच नसते, हे लवकरच ध्यानात आले. इस्रायलमधील व्हिक्टर फ्लोरियन व श्लोमो क्रॅव्हेट्झ यांनी १९८३ साली मृत्युभयाचे तीन थर दाखवले. पहिले भय स्वतःविषयीचे: माझ्या शरीराचे काय होईल, माझी स्वप्ने अपुरी राहतील. दुसरे इतरांच्या संदर्भातील: माझ्या माणसांचे कसे होईल, मला कोणी आठवील काय, की मी कधी नव्हतोच असे होईल? तिसरे पलीकडचे: मरणानंतर काय आहे, शिक्षा आहे काय, की काहीच नाही?

भयाप्रमाणेच स्वीकारही एकाच प्रकारचा नसतो. पॉल वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मृत्यूकडे पाहण्याच्या पाच वृत्ती मांडल्या. मृत्यूचे भय, मृत्यूचा विचारच टाळणे, मरण हा जीवनाचा भाग आहे असा तटस्थ स्वीकार, पलीकडे अधिक चांगले जीवन आहे या आशेने केलेला स्वीकार, आणि जगणे असह्य झाले म्हणून सुटका या भावनेने केलेला स्वीकार. पाळकाच्या दृष्टीने शेवटच्या दोहोंतील फरक जीवनमरणाचा आहे. "मला मरणाची भीती नाही, मी केव्हाही जायला तयार आहे," हे वाक्य दोन्ही प्रकारची माणसे उच्चारतील. एकाच्या तोंडी ती आशा असेल, दुसऱ्याच्या तोंडी निराशा. शब्द सारखे आहेत म्हणून अर्थ सारखा मानू नये.

५. एका अभ्यासाची कथा

बोल्बी यांचे निधन झाले त्याच १९९० साली, इस्रायलमधील बार-इलान विद्यापीठातील मारिओ मिकुलिन्सर, व्हिक्टर फ्लोरियन व रामी टोल्माच यांनी विद्यापीठीय विद्यार्थ्यांमधील अनुबंध व मृत्युभय यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलाचे पहिले भय म्हणजे आई दिसेनाशी होणे. आणि मृत्यू म्हणजे सर्वांपासून कायमचे दिसेनासे होणे. तेव्हा विरहाचे भय जो जसे हाताळण्यास शिकला, तसेच तो मृत्यूचे भय हाताळील, अशी त्यांची अटकळ होती.

त्यांनी भय दोन रीतींनी तपासले. पहिली रीत सरळ प्रश्नावलीची. दुसरी आडवळणाची: विद्यार्थ्यांना काही संदिग्ध चित्रे दाखवून त्यांवर गोष्ट रचावयास सांगण्यात आली, आणि त्या गोष्टींतून मृत्यूचे भय कितपत डोकावते ते पाहण्यात आले. माणूस प्रश्नाचे उत्तर सावरून देऊ शकतो. गोष्ट सांगताना मात्र मनाच्या तळाचे काहीतरी वर येते.

निष्कर्ष असे निघाले. प्रश्नावलीत चिंताग्रस्त विद्यार्थ्यांनी सर्वांत अधिक भय व्यक्त केले. सुरक्षित व टाळणारे विद्यार्थी उघडपणे तितके भ्याले नाहीत. येथेच थांबलो असतो तर वाटले असते की सुरक्षित आणि टाळणारे दोघे सारखेच निर्भय आहेत. परंतु गोष्टींनी वेगळी साक्ष दिली. तेथे चिंताग्रस्त विद्यार्थ्यांप्रमाणेच टाळणाऱ्यांच्या मनातही, सुरक्षितांपेक्षा अधिक भय आढळले. ओठांवर नाही म्हणणाऱ्यांच्या आत ते होते. एन्स्वर्थ यांच्या खोलीतील, आईकडे न पाहणाऱ्या मुलाचे धडधडणारे हृदय वाचकांना येथे आठवेल. तेच मूल आता वीस वर्षांचे झाले आहे.

भयाच्या आशयातही भेद दिसला. चिंताग्रस्त तरुणाला मुख्यतः आपण विसरले जाऊ, लोकांच्या मनातील आपले स्थान नाहीसे होईल, याची धास्ती होती. टाळणाऱ्या तरुणाला मृत्यूच्या अज्ञातपणाची भीती अधिक वाटत होती. हे समजण्यासारखे आहे. ज्याचा सारा जीव दुसऱ्याच्या नजरेत अडकला आहे, त्याला ती नजर वळण्याचे भय. आणि ज्याने स्वतःवाचून कोणावर विसंबायचे नाही असे ठरवले आहे, त्याला जेथे स्वतःचे काहीच चालत नाही अशा ठिकाणाचे भय.

६. पुढील पावले

१९७३ साली अर्नेस्ट बेकर यांनी मृत्यूच्या नकारावर एक ग्रंथ लिहिला. माणसाची बरीचशी संस्कृती ही मृत्यूच्या जाणिवेपासून आडोसा शोधण्याची खटपट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या विचाराच्या आधारे पुढे काही अमेरिकन संशोधकांनी प्रयोगांची एक मालिका उभारली. माणसाला त्याच्या मरणाची आठवण करून दिली की तो आपल्या गटाच्या श्रद्धांना अधिक घट्ट धरतो आणि त्या मोडणाऱ्यांविषयी अधिक कठोर होतो, असे त्यांना आढळले.

मिकुलिन्सर व फ्लोरियन यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की मृत्यूची आठवण दिल्यावर कठोर निवाडा करण्याची ही प्रवृत्ती चिंताग्रस्त व टाळणाऱ्या माणसांत प्रकर्षाने दिसते. सुरक्षित अनुबंध असलेली माणसे त्याच आठवणीने दुसऱ्याच दिशेला वळली. आपल्यामागे काही चांगले उरावे, आणि आपल्या माणसांच्या अधिक जवळ जावे, अशी ओढ त्यांच्यात वाढली. २००२ साली याची उलट बाजूही तपासण्यात आली. जवळच्या माणसापासून ताटातूट झाल्याची कल्पना करावयास सांगितल्यावर, विशेषतः चिंताग्रस्त माणसांच्या मनात मृत्यूशी निगडित शब्द अधिक सहज उमटू लागले. विरहाचा विचार मृत्यूचा विचार जागा करतो. म्हणून वाग्दान मोडलेल्या वा प्रेमभंग झालेल्या तरुणाच्या तोंडी एकाएकी मरणाची भाषा येते, ती नाटकी आहे असे समजून हसण्यावारी नेऊ नये.

या सर्वांवरून २००३ साली संशोधकांनी असे मांडले की मृत्यूच्या भयापुढे माणसाला तीन आधार असतात: त्याची श्रद्धा, त्याचा आत्मसन्मान आणि त्याची जवळची नाती. यांतील तिसरा आधार आतापर्यंत पुरेसा लक्षात आला नव्हता.

७. देवाशी असलेला अनुबंध

हा विषय ईश्वरविज्ञानाच्या अंगणातही येतो. ली कर्कपॅट्रिक व फिलिप शेव्हर यांनी १९९० साली असा विचार मांडला की श्रद्धावान माणसाचे देवाशी असलेले नाते हेही अनुबंधाचेच आहे. तो संकटात देवाकडे धाव घेतो, तेथे आसरा पावतो आणि त्या भरवशावर जगाला सामोरा जातो. यासंबंधी दोन मार्ग सुचवण्यात आले. काहींचे देवाशी नाते हे आईबापांशी असलेल्या सुरक्षित नात्याचाच विस्तार असतो. श्रद्धाळू घरातील सुरक्षित मूल सहजपणे श्रद्धाळू होते. काहींच्या बाबतीत याउलट घडते. घरी जे मिळाले नाही ते त्यांना देवाजवळ मिळते, आणि त्यांचे परिवर्तन पुष्कळदा आकस्मिक व उत्कट असते.

मानसशास्त्र येथे थांबते आणि थांबावे हेच योग्य. श्रद्धा कोणत्या वाटेने माणसात शिरते याचे वर्णन म्हणजे श्रद्धेच्या विषयाचा निवाडा नव्हे. पण पाळकाने एक बोध घ्यावा. "देव तुझा पिता आहे" हे वाक्य सर्व तरुणांच्या कानी सारखे पडत नाही. ज्याच्या पित्याने त्याला रडताना दूर लोटले, त्याला ते वाक्य सांत्वन देण्यापूर्वी एखादे वेळी धास्तीच देईल.

८. मर्यादा

या संशोधनाच्या मर्यादा सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. पहिली, येथील बहुतेक अभ्यास विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर आधारलेले आहेत, आणि दोन गोष्टी एकत्र आढळतात म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. दुसरी, समाजासमाजांत संगोपनाच्या रीती वेगळ्या आहेत. आपल्याकडे मूल आईबरोबरच आजी, आत्या, मावशी, काकू यांच्याही कडेवर वाढते. एन्स्वर्थ यांनी युगांडातही पुष्कळ हातांत वाढणारी मुले पाहिली होती. तेथे अनुबंध एकाच व्यक्तीशी न राहता अनेकांशी जडतो. १९८८ साली निरनिराळ्या देशांतील अभ्यासांची एकत्र तुलना झाली, तेव्हा दोन देशांमधील फरकापेक्षा एकाच देशातील निरनिराळ्या गटांमधील फरक अधिक आढळला. तेव्हा अमक्या समाजाची माणसे अमक्या रीतीची, असे म्हणण्यास आधार नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की, अनुबंधाची रीत हे ललाटलिखित नव्हे. ज्यांचे बालपण उणे गेले अशी कित्येक माणसे पुढे एखादा विश्वासू मित्र, समजूतदार जोडीदार किंवा धीराने ऐकणारे वडीलधारे माणूस मिळाल्यामुळे सुरक्षित होतात. मंडळीचे काम याच ठिकाणी सुरू होते.

९. तरुणांमध्ये काम करणाऱ्यांसाठी

आता प्रारंभीच्या दोन भावंडांकडे वळू. रडणाऱ्या बहिणीला आधाराची गरज आहेच. तिच्याशी बोलताना "आता पुरे, देवावर विश्वास ठेव" असे म्हणून तिला गप्प करू नये. विसरले जाण्याची, एकटे पडण्याची तिची धास्ती शब्दांनी जात नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी पुन्हा येण्याने जाते. मंगळवारी येतो म्हणून सांगितले तर मंगळवारी जावे. तिच्यासाठी ते एक प्रवचनच आहे.

खुर्च्या मांडणाऱ्या भावाविषयी आम्हांस अधिक सांगावेसे वाटते, कारण त्याच्याकडे कोणी जात नाही. त्याचे न रडणे हे कदाचित खरोखरच त्याचे बळ असेल. प्रत्येक शांत माणूस आतून भ्यालेला असतो असा अर्थ वरील अभ्यासातून काढू नये. शोक करण्याच्या रीती वेगवेगळ्या असतात, आणि कामात गुंतणे हीही त्यांपैकी एक होय. परंतु त्याची काळजी नको, असे मानण्याचा अधिकार आपणांस नाही. आपल्या भाषेत अलिप्तता आणि विरक्ती हे शब्द जवळजवळ बसतात. पण प्रेम करून मोकळ्या झालेल्या मनाची विरक्ती वेगळी, आणि प्रेमाची भीती बसलेल्या मनाची अलिप्तता वेगळी. मंडळीत आपण दुसरीलाच विश्वासाची खूण समजून तिची स्तुती करतो, आणि त्या स्तुतीने तरुणाच्या तोंडावर आणखी एक कुलूप घालतो. अशा तरुणाला समोर बसवून "तुला काय वाटते ते सांग" असा आग्रह धरू नये. तो आणखी दूर जाईल. त्याच्याबरोबर काम करावे. दफनभूमीवर दगड बसवण्यास, कागदपत्रांसाठी कचेरीत जाण्यास त्याच्या सोबतीला असावे. हात कामात असताना बोलणे आपोआप निघते. आणि हे पहिल्या आठवड्यात नव्हे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात करावे, जेव्हा इतरांचे येणे थांबलेले असते.

२०२० व २०२१ या वर्षांतील महामारीने या विषयाला एक वेगळेच गांभीर्य दिले आहे. त्या काळात कित्येक तरुणांनी आईवडिलांना रुग्णवाहिकेच्या दारापर्यंत पोहोचवले आणि पुन्हा पाहिले नाही. मोजक्या माणसांत, स्पर्श न करता, कधी तर केवळ दूरध्वनीच्या पडद्यावर त्यांनी दफन पाहिले. त्यांपैकी अनेकजण आज नोकरीत, संसारात आहेत आणि बरे दिसतात. त्यांना त्या दिवसाविषयी कोणी विचारले आहे काय? राहून गेलेली स्मरणभक्ती उशिरा घेण्यास हरकत नाही. उशिराचा निरोपही निरोपच असतो.

सुटकेची भाषा बोलणाऱ्या तरुणाविषयी मात्र विलंब करू नये. "जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते काय?" असे त्याला सरळ आणि मायेने विचारावे. तसे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. उत्तर होय असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांच्या मदतीस कमीपणा मानू नये. भारत शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तो क्रमांक प्रत्येक तरुण संघाच्या फलकावर असावा.

शेवटची गोष्ट उपदेशाविषयी. तरुणांना मृत्यूचा धाक घालून सन्मार्गावर आणण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वरील प्रयोग सांगतात की असुरक्षित मनाला मृत्यूची आठवण दिली तर ते इतरांविषयी अधिक कठोर होते, मृदू होत नाही. धाकाने सभागृह शांत होईल. पण त्या शांततेत किती हृदये धडधडत आहेत ते व्यासपीठावरून ऐकू येत नाही.

बेथानी येथे लाजाराच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आपण वाचतो. थोड्याच वेळात तो मित्र उठणार हे ज्याला ठाऊक होते, तोही रडला. गेथशेमाने बागेत त्याने आपले दुःख लपवले नाही; मित्रांनी आपल्याबरोबर जागे राहावे एवढेच त्याने मागितले, आणि ते झोपी गेले. पित्याशी ज्याचे नाते पूर्ण सुरक्षित होते त्याने भय बोलून दाखवले व सोबत मागितली, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या तरुणांकडून आपण कोणत्या धैर्याची अपेक्षा करावी ते कळून येते. भय नाही असे म्हणणे हे धैर्य नव्हे. भय आहे असे ज्याच्यापाशी सांगता येते असे माणूस असणे, हा धैर्याचा आरंभ आहे. तसे माणूस होणे आपणांपैकी प्रत्येकाला शक्य आहे. त्यासाठी फक्त जागे राहावे लागते.